भोंग्याचा पेनड्राइव्ह

६ जानेवारी

वन्सं,

तुम्हाला नमस्कार, आणि तुम्ही बसवून दिलेल्या कॉम्प्युटरला माझ्याकडून दोन चापट्या.

माइक मिळाला. पेनड्राइव्हही मिळाला, चांगला गुंडाळून पाठवलात. ऑपरेशन महिनाअखेरीला नक्की झालंय. डॉक्टरांनी आता आडवळण सोडलं आणि सरळच सांगितलं, की गाठ स्वरयंत्रात आहे, तेव्हा स्वरयंत्र सगळंच काढावं लागेल. माणूस वाचेल, आवाज नाही. हे ऐकून तुमच्या दादांनी डॉक्टरांना काय विचारलं असेल? "मग मंडईत माझ्या जागी पुकारणार कोण?" डॉक्टर बिचारे माझ्याकडे बघायला लागले. त्यांना काय ठाऊक, की हा माणूस रोज पहाटे भाजीचा लिलाव पुकारतो आणि उरलेला दिवस घरात तोच आवाज चढवून बोलतो. मी जन्मभर "अहो, हळू" म्हणत आले. आता ते वाक्य तोंडातून निघत नाही.

तुमच्या ओळखीच्या उपचारवाल्या बाईंनी दिलेली वाक्यं ते वाचतायत. आधी तयारच नव्हते. "मेलेल्या आवाजाचा फोटो कशाला?" म्हणाले. मी म्हटलं, फोटो नाही, बाई त्यातून यंत्र करणार आहेत. तुम्ही बटणांवर टाइप कराल ते यंत्र तुमच्याच आवाजात बोलेल. तेव्हा कुठे माझ्या शिलाईच्या दुकानात कॉम्प्युटरसमोर खुर्चीत बसले. पण वाचतात कसे! "निळ्या पेटीत पेरू आहेत" हे साधं वाक्य, तर ते असं म्हणतात की ऐकणाऱ्याने पेटी विकत घ्यावी. 

त्यांची एक अट आहे, ती तुम्हाला कळवते. ऑपरेशननंतर हा आवाज घरात राहता कामा नये. तुमच्याकडे जाऊ दे, बाईंकडे जाऊ दे, पण घरात चुकून कानावर पडला तर मला सोसवणार नाही, असं म्हणाले. एवढं बोलून उठून गेले. मी हो म्हटलं.

आता माझी अडचण. पेनड्राइव्ह खोचला तर काहीच होत नाही. दुकानाशेजारच्या झेरॉक्सवाल्याकडे लावला की पटकन खिडकी उघडते. आपल्या कॉम्प्युटरला मात्र पत्ताच नसतो, की कोणी आलंय. फाइली इतक्या मोठ्या आहेत की आमच्या नेटवरून पाठवायच्या तर जन्म जाईल. तेव्हा काय करायचं ते अक्षरन् अक्षर लिहून पाठवा. फोनवर नको. फोनवर बोलू लागले की हे कान देऊन बसतात, आणि माझे हात कापडात असतात. कागद असला म्हणजे टाचणीने समोर लावून ठेवीन. पत्र दुकानाच्या पत्त्यावरच टाका.

तुमची वहिनी

—

११ जानेवारी

वहिनी,

चापट्या मला मार, कॉम्प्युटरला नको. ती खोड माझी आहे. यंत्र जुनं, त्याला दुसरं काही झेपलं नसतं, म्हणून मी त्यावर लिनक्स बसवलं, आणि तेही हलकं व्हावं म्हणून त्यातल्या सगळ्या सोयी काढून टाकल्या. पेनड्राइव्ह लावल्यावर आपोआप उघडणारी खिडकीही त्यातच गेली. कॉलेजात दिवसभर मुलांचे कॉम्प्युटर सांभाळते आणि तुझ्या दुकानात हा उद्योग करून ठेवते.

आता नीट वाच. झेरॉक्सवाल्याचं यंत्र पेनड्राइव्ह आला की स्वतःच त्याला जागा करून देतं. आपलं यंत्र विचारतं, याला टांगू कुठे? ती खुंटी आपण सांगायची. खुंटी म्हणजे एक रिकामं फोल्डर. त्यावर पेनड्राइव्ह टांगला, की त्या फोल्डरात गेलं म्हणजे पेनड्राइव्हच्या आत गेलं. बस, एवढंच आहे.

काळ्या खिडकीत लिहायचं. प्रत्येक ओळीनंतर एंटर. आधी पेनड्राइव्ह लाव आणि हे लिही:

lsblk

यादी येईल. खाली sdb1 असं दिसलं, की तो आपला पाहुणा. मग खुंटी कर:

sudo mkdir /mnt/khunti

sudo म्हणजे "मालकाच्या हुकमाने". परवलीचा शब्द मागेल, तो तुला ठाऊक आहेच. मग टांग:

sudo mount /dev/sdb1 /mnt/khunti

मग आत काय आहे ते बघ:

ls /mnt/khunti

आत मी एक गंमत ठेवली आहे. ती दिसली म्हणजे जमलं.

दादाचं म्हणणं घरात काही राहू नये असं असेल, तर avaj फोल्डरातल्या त्याच्या फाइली कॉपी करू नकोस, हलव:

sudo mv avaj/* /mnt/khunti

आणि शेवटचं. पेनड्राइव्ह कधीही तसाच ओढायचा नाही. तसा ओढलास तर अर्धं लिहायचं राहिलेलं असतं, ते हवेत जातं. आधी खुंटीवरून उतरव:

sudo umount /mnt/khunti

यात u नंतर n नाही, हे मी तुझ्या कानीकपाळी ओरडून सांगतेय असं समज. मुलं तिथेच अडतात.

दादाला सांग, पेरू मी घेतले.

खारू

(त्यानेच ठेवलेलं नाव आहे, त्याच नावाने सही करते. लहानपणी माझ्या खिशात सतत काहीतरी साठवलेलं असायचं. हा मला अंगणातल्या खोक्यावर उभी करून माझा लिलाव करायचा: "ही खारू, पुढचा दात नाही, बाकी माल चोख, एक वार, दोन वार..." गिऱ्हाईक म्हणून आमची आई. ती दर वेळी म्हणायची, "मला नको, आहे ती पुरे." मी रडायचे. आणि हा भोंगा हसायचा.)

—

२९ जानेवारी

वन्सं,

जमलं! मला शाबासकी द्या. अर्थात ती तुम्ही आधीच दिली आहे म्हणा. काल सकाळी तुमचा कागद समोर टाचला आणि एकेक ओळ लिहीत गेले. यादीत पाहुणा दिसला. खुंटी केली, टांगला, आत बघते तर एकच फाइल, नाव "shabas-vahini". दुकानात एकटीच हसत बसले. ज्यांची पँट आखूड करायला घेतली होती ते गृहस्थ काळजीने बघायला लागले. मग रीतसर उतरवला आणि ठेवून दिला, कारण ह्यांचं वाचन संपायचं होतं.

आज दुपारी ते संपलं. शेवटची फाइल करताना मला बाहेर काढलं आणि दार लावून घेतलं. ती बाईंच्या वाक्यांतली नाही, तुमच्यासाठी आहे म्हणे. मला ऐकू दिली नाही. इतक्या मोठ्या आवाजाच्या माणसाचं मला दाराबाहेर एक अक्षर ऐकू आलं नाही, म्हणजे किती हळू बोलले असतील ते बघा.

मग मी पेनड्राइव्ह लावला. कागदावरून खुंटी करायला गेले तर कॉम्प्युटर म्हणतो, ती आहेच. म्हटलं बरं झालं, काल केलेलं काम आज वाचलं. लगेच फाइली हलवल्या. काय भराभर गेल्या! पापणी लवायच्या आत घरचं फोल्डर रिकामं. खुंटीवर बघितलं तर सगळ्या ओळीने उभ्या. मग उतरवायला सांगितलं, n गाळून, तर त्याने स्वतःच कळवलं की आता हा जोडलेला नाही. मग निर्धास्त ओढला.

सोबत पाठवते आहे. कापसात गुंडाळून, जुन्या कॉलरच्या कॅनव्हासात शिवला आहे. उसवताना जपून.

उद्या सकाळी ऑपरेशन. आज त्यांनी मंडईत जाऊन शेवटचा लिलाव पुकारला. मी गेले नव्हते. तिथली भाजीवाली सांगत होती, की शेवटचा ढीग विकून झाल्यावर कोणी हललंच नाही. घरी येऊन मला म्हणाले, "आता काय ते बोलून घे, उद्यापासून तुझंच राज्य." मी म्हटलं, "शर्ट बदला, घामेजलाय." लग्नाला इतकी वर्षं झाली आणि बोलायला मिळालं तर मी एवढंच बोलले.

तुमची वहिनी

—

७ फेब्रुवारी

वहिनी,

पेनड्राइव्ह पोचला. शिवण इतकी पक्की होती की ब्लेड घ्यावं लागलं.

ऑपरेशन नीट झालं हे फोनवर कळलं तेव्हा जीव भांड्यात पडला. तू धीराची आहेस, म्हणून मला इथे काम सुचतंय. दादाला सांग, त्याचं मिळालं. छान बोललाय. मला म्हणालास ते लक्षात ठेवीन, तब्येत सांभाळीन, असं सांग.

बाईंना द्यायचं आहे, पण त्या सध्या फार कामात आहेत, तेव्हा थोडा वेळ लागेल. तू त्यावरून घाई करू नकोस. तुझं खाणंपिणं बघ.

एक सहज विचारते. फाइली हलवल्यावर घरच्या फोल्डरात काही मागे राहिलं होतं का? असंच, माहितीसाठी.

खारू

—

१९ फेब्रुवारी

वन्सं,

आम्ही घरी आलो. गळ्याला पुढून भोक आहे, त्यातून श्वास घेतात. त्यावर पातळ कापड लागतं. ते मी मऊ मलमलीचं शिवलंय, बंद मागून, रंगही निरनिराळे. नर्सबाईंनी आणखी दोघांसाठी मागितली. जखम भरतेय. नाकातल्या नळीतून खाणं चाललंय.

पण माणूस घरात असून नसल्यासारखा आहे. पाटी आणून दिली, हात लावत नाहीत. मोबाइलवर लिहा म्हटलं, तोंड फिरवतात. काही हवं असलं तर उठून स्वतः घेतात, नाहीतर त्यावाचून राहतात. मंडईतले दोघं आले होते, ते बोलत बसले आणि हे खिडकीतून बाहेर बघत बसले. त्यांच्यासमोर मी इतकी बडबड केली की माझाच घसा बसला. घरात पंख्याचा आवाज येतो, वन्सं. इतकी वर्षं त्या पंख्याला आवाज आहे हे मला माहीत नव्हतं.

आता तुमच्या पत्राचं. मी ते त्यांना वाचून दाखवलं. म्हटलं बहिणीचे शब्द ऐकून तरी हालतील. "तब्येत सांभाळीन" इथे आले, तर त्यांनी मान हलवली. नाही म्हणून. मी पुन्हा वाचलं. पुन्हा नाही. आणि मग माझ्याकडे असं बघितलं, की त्यांनी तुम्हाला तब्येत सांभाळ असं काही म्हटलेलंच नाही हे मला आरशासारखं स्पष्ट दिसलं. 

मी वेळ मारून नेली. म्हटलं, वन्संना ऐकायचा धीर झाला नसेल, म्हणून काहीतरी लिहिलं. ते त्यांना पटलं असावं. मला मात्र पटलेलं नाही. तुम्ही कॉलेजात प्रश्नपत्रिका फुटली तरी सरळ सांगणाऱ्या. "छान बोललाय" हे तुमचं वाक्य नाही. आणि "सहज" विचारलेला प्रश्न तर मुळीच सहज नाही.

मागे काही राहिलेलं नाही. मी बघितलं, फोल्डर स्वच्छ आहे. आता खरं काय ते सांगा. मला झेपेल. न सांगितलेलं झेपत नाही.

तुमची वहिनी

—

२४ फेब्रुवारी

वहिनी,

पेनड्राइव्ह रिकामा आला. आत फक्त माझीच शाबासकी होती.

तू हॉस्पिटलात त्याच्याजवळ बसली होतीस आणि मी तुला हे कसं सांगणार होते? म्हणून खोटं लिहिलं. तेही धड जमलं नाही, दादाने पकडलं. लहानपणीही पकडायचा.

मी काय काय केलं नाही! पुसलेलं शोधून काढणारे जेवढे प्रकार माहीत आहेत तेवढे सगळे केले. त्या पेनड्राइव्हवर त्याचा आवाज कधी पोचलेलाच नाही, असंच दर वेळी दिसलं. तू तर स्वतःच्या डोळ्यांनी फाइली बघितल्यास, उतरवून काढलास. मला कळत नाही. पेनड्राइव्हच खोटा निघाला असेल, दाखवतो एक आणि ठेवतो काहीच नाही, असे निघतात. आणि मीच तुला "हलव" म्हटलं. कॉपी कर म्हटलं असतं तर घरी एक राहिली असती. पोरांना रोज सांगते, की ज्याची दुसरी प्रत नाही ते आपलं नाही, आणि सख्ख्या भावाच्या आवाजाला विसरले.

बाईंना सांगितलं. त्यांनी विचारलं, दुसरीकडे कुठे त्याचा आवाज आहे का? मी सगळं घर धुंडाळलं. माझ्या जुन्या फोनवर त्याने ठेवलेला एक निरोप सापडला. "खारू, फोन उचल गं, की तोही खिशात साठवून ठेवलास?" बस, एवढाच. बाई म्हणाल्या, एवढ्यातून आवाज उभा राहत नाही.

तोच निरोप त्याच पेनड्राइव्हवर टाकून तुला पाठवते. फोनवर धाडला असता, पण तुझा फोन आता त्याच्या उशाशी असतो. दादाला ऐकवू नकोस. तुझ्यासाठी आहे. पंख्याचा आवाज फार वाढला तर ऐक.

खुंटीवर टांगायचं कसं ते कागदावर आहेच. हा पेनड्राइव्ह इथे तरी धडपणे चालतोय.

मी मार्चअखेरीला रजा काढून येते. त्याला काय ते मी सांगेन. तू नको.

खारू

—

२ मार्च

वन्सं,

हे पत्र घाईघाईने लिहितेय, तेव्हा अक्षर लावून घ्या. आधी महत्त्वाचं: सगळं सापडलं. कसं ते मला कळलेलं नाही. मला वेड लागलं नसेल तर सगळं सापडलंय.

आज दुपारी पेनड्राइव्ह आला. कॉम्प्युटर आता दुकानात नाही, ह्यांना एकटं ठेवायचं नाही म्हणून शिलाईचं टेबल आणि तो, दोन्ही घरच्या पुढच्या खोलीत आणलेत. हे मागच्या अंगणात खुर्ची टाकून बसले होते. तुमचा कागद अजून जपून ठेवलाय, टाचणीची भोकं पडून जाळी झालीय त्याची. यादी, मग टांगणी. एकेक ओळ कागदावर बोट ठेवून लिहिली. आत बघितलं तर तुमची शाबासकी आणि तो निरोप. निरोप ऐकला. आवाज अगदी बारीक करून, स्पीकरला कान लावून. रडले. मग म्हटलं पुरे, आवाज पुन्हा होता तसा मोठा केला आणि n गाळून उतरवला. पेनड्राइव्ह काढून हातात घेतला.

आम्हा शिलाईवाल्यांना एक सवय असते. काम झालं की कापडावरून एकदा हात फिरवायचा, टाचणी राहिली नाही ना. तशीच सवयीने खुंटीवर नजर टाकली, रिकामी झाली का ते बघायला:

ls /mnt/khunti

आणि सगळ्या फाइली समोर उभ्या! निळी पेटी, पेरू, काकू, पाऊस, सगळ्या. पेनड्राइव्ह माझ्या मुठीत, वन्सं. मी मूठ उघडून बघितलं. तो तिथेच होता. पुन्हा लावून टांगला तर फाइली गायब, नुसता निरोप. उतरवला तर परत हजर. चार वेळा केलं. मग मला काय बुद्धी झाली कोण जाणे, यादीतली शेवटची फाइल लावली. तुमची. आवाज बारीक करायचा राहिला.

आणि घर भरलं.

"ऐका हो ऐका! आज शेवटचा माल. आवाज एक, पुरुषाचा. एकाच मालकाने वापरलेला. मंडईच्या या फाटकापासून त्या फाटकापर्यंत पोचतो. जरा चिरलाय, लपवत नाही. बायको हळू बोला म्हणते, तेवढं एक सोडलं तर तक्रार नाही. खारू, तुझ्यापासून सुरू करतो, लहानपणी तुला फार वेळा विकायला काढली. बोला, काय देता? एक वार..."

मग बराच वेळ काही नाही.

"दोन वार..."

आणि पुढे नुसती शांतता. श्वास ऐकू येत होता. मग खुर्ची सरकल्याचा आवाज, आणि संपलं.

मी वळले तर हे दारात उभे. कधीपासून, माहीत नाही. गळ्यावर मी शिवलेलं हिरवं कापड, ते श्वासाने आत-बाहेर होत होतं. ज्या माणसाने एकच अट घातली, त्याच्याच घरात, त्याच्याच समोर, मी पूर्ण आवाजात लावलं होतं. माफी मागायला तोंड उघडलं आणि बाहेर पडलं भलतंच. मी म्हटलं, "माझी बोली. अख्खं दुकान. मशीनसकट."

ते पुढे आले, टेबलावरची माझी लाकडी गजपट्टी उचलली आणि टेबलावर एकदा मारली. ठाक्. माल विकला गेला की मंडईत खोक्यावर मारायचे तशीच.

मग खुर्चीत बसले, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा रडले. त्यांच्या रडण्याला आवाज नाही, वन्सं, नुसते खांदे हलतात. मीच दोघांचं मिळून रडले.

आता तुम्ही येण्याआधी मला हे सांगा, की हे काय होतं? आणि कशालाही हात लावू की नको?

तुमची वहिनी

—

६ मार्च

वहिनी गं,

तुझं पत्र कॉलेजात उघडलं आणि प्रयोगशाळेला कुलूप लावून वाचलं. बाहेर पोरं दार वाजवत होती. वाजवू दे म्हटलं.

तुला वेड लागलेलं नाही. ऐक. खुंटी हे फोल्डर तुझ्याच कॉम्प्युटरवरचं आहे. पेनड्राइव्ह टांगला तरच तिथे ठेवलेलं पेनड्राइव्हवर जातं. त्या दिवशी यंत्राने "खुंटी आहेच" म्हटलं, तू म्हटलंस काम वाचलं, आणि टांगायची ओळ गाळून थेट हलवायला लागलीस. पेनड्राइव्ह नुसता खोचलेला होता, टांगलेला नव्हता. म्हणून फाइली घरातल्या घरात सरकल्या, म्हणून तर पापणी लवायच्या आत गेल्या. पेनड्राइव्हवर इतक्या फाइली जायला तुझी एक पँट आखूड करून झाली असती. आणि पुढे जेव्हा जेव्हा तू पेनड्राइव्ह टांगलास, तेव्हा त्याने त्या फाइली झाकून टाकल्या. पुसल्या नाहीत, फक्त झाकल्या. फाटक्या खिशातून नाणं अस्तरात पडतं ना, तसं. कोट झाडला तर वाजतं आणि खिशात हात घातला तर मिळत नाही. हे मी तुला सांगावं!

आणि "हा जोडलेला नाही" असं त्याने कळवलं ना, ती खुशाली नव्हती. तो म्हणत होता, बाई, टांगलेलंच नाही तर उतरवू काय? तू ते मला जसंच्या तसं लिहिलं होतंस. मी वाचलंही. पण त्याच्या खालीच "उद्या सकाळी ऑपरेशन" होतं, आणि मला तेवढंच दिसलं.

आता हात लाव, पण माझ्या पद्धतीने. पाहुण्याला जुन्याच खुंटीवर टांगलास तर फाइली पुन्हा झाकल्या जातील, म्हणून त्याला dusri नावाची वेगळी खुंटी कर आणि तिच्यावर टांग. टांगल्यावर शाबासकी दिसली तरच तो टांगलेला आहे असं समज. आणि या खेपेला हलवायचं नाही, कॉपी करायची, mv च्या जागी cp:

sudo cp /mnt/khunti/* /mnt/dusri

दिवा लुकलुकेल, वेळ लागेल. लागू दे. घरातली प्रत घरातच राहील. दादाची अट मोडते, ते त्याला विचार. मला वाटतं विकलेल्या मालावर त्याचा आता हक्क नाही.

मी तरीही येतेय. रडायला नाही, भांडायला. माझ्यापासून सुरू केलेला लिलाव, आणि मला बोली लावायला न मिळता ठाक्?

खारू

—

१२ मार्च

खारू,

तुझी वहिनी म्हणते, पत्र तुम्हीच लिहा, मला शिवण आहे. शिवण वगैरे काही नाही, समोर बसून बघतेय मी लिहितो का.

पेनड्राइव्ह सोबत आहे. टांगून, शाबासकी बघून, कॉपी करून, उतरवून. मी शेजारी बसून एकेक ओळ तपासली. दिवा लुकलुकत होता तोवर तिने मला चहासुद्धा गाळू दिला नाही.

तिसरा वार का म्हटला नाही ते तुला सांगतो. तिसरा वार म्हटला की माल जातो. दार लावून बसलो होतो, तोंड उघडलं, पण मला तो कुणालाच देववेना. घरात ठेवायचा नाही म्हणालो तेही त्याचमुळे. नजरेआड गेला म्हणजे गेला असं समजून बसायचं होतं. आणि तो आपला एवढे दिवस पुढच्याच खोलीत बसलेला.

तुला बोली लावायला मिळाली नाही, याबद्दल तक्रार घेतली जाणार नाही. अख्ख्या दुकानाच्या वर तू काय देणार होतीस? आईने तुला कधी घराबाहेर विकू दिली नाही, तशीच ही निघाली, माल घरातच ठेवला.

बाईंना सांग, यंत्र करायला घ्या. मंडईवाल्यांनी विचारलंय, यंत्रावरून लिलाव पुकारता येईल का. बघू. आधी घरात बोलून बघतो. उत्तरं द्यायची बरीच राहिलीत.

एक विचार. त्या यंत्राला आवाज लहान करायची कळ असते म्हणे. मालकीणबाई म्हणतात, ती काढून टाकायला सांगा.

भोंगा